मल्चिंग पेपर काढताना

पीक संपलं की लगेच रोटाव्हेटर (ट्रॅक्टरचं माती फोडणारं अवजार) घालू नका. आधी मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेलं प्लास्टिक, काढा. एकदा चिंध्या झाल्या की त्या मातीतून वेचणं कुणाच्या बापाला जमत नाही. झाडं बुडाशी कापा, ठिबकच्या नळ्या गुंडाळून वेगळ्या ठेवा, मग कडेची माती मोकळी करून पेपर हळू ओढा. वाफसा, म्हणजे माती ना ओली ना कोरडी, असतानाच, कारण ओल्या रानात चिखल चिकटतो आणि मातीने भरलेला माल भंगारवाला नाकारतो. पातळ पेपर तर फाटणारच, पुढच्या वेळी २५ मायक्रॉनच्या खाली जाऊ नका.

फवारणीच्या औषधाचे डबे या भंगारात मिसळायचे नाहीत. रिकामा होताच पाव डबा पाणी, झाकण लावून ३० सेकंद खळखळवा, पाणी फवारणीच्या टाकीत. असं तीनदा, मग तळाला भोक. बांधावर काहीच जाळू नका.