टप्प्याटप्प्याचा आहार आणि वाण्याची यादी

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे, उंची ५ फूट २ इंच आणि वजन ७४ किलो आहे. मैत्रिणीने मला 'साउथ बीच डाएट' या तीन टप्प्यांच्या आहाराची छापील यादी दिली आहे. तीत टर्की, रिकोटा चीज, ॲस्परॅगस, झुकिनी असे पदार्थ आहेत. त्यांपैकी काही आमच्याकडच्या मॉलमध्ये मिळतात, पण फार महाग आहेत. आम्ही मांसाहार फक्त रविवारी करतो, अंडी मात्र एरवीही चालतात. अशा वेळी महिन्याच्या किराण्यात कोणत्या टप्प्याला काय भरावे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा आहार अमेरिकेतील मायामीचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. आर्थर अगॅटस्टन यांनी त्यांच्या रुग्णांसाठी आखला आणि २००३ पासून तो जगभर पोहोचला. (हृदयाच्या सीटी स्कॅनच्या अहवालात कॅल्शियम मोजणारा 'अगॅटस्टन स्कोअर' असतो, तो यांच्याच नावाचा.) त्यांच्या रुग्णांच्या बाजारात जे सहज मिळत होते, ते त्या यादीत आले. म्हणून यादीतील पदार्थ शोधत फिरण्याऐवजी प्रत्येक पदार्थ त्या टप्प्यात कशासाठी ठेवला आहे ते पाहावे आणि तेच काम करणारा जिन्नस आपल्या वाण्याकडून घ्यावा. टर्की तेथे कमी चरबीच्या प्रथिनांसाठी आहे, तर झुकिनी आणि ॲस्परॅगस पिष्टमय नसलेल्या भाज्या म्हणून आहेत. पहिले काम मूग, मटकी आणि अंडी करतात. दुसरे काम दुधी, दोडका, पडवळ आणि गवार करतात.

पहिला टप्पा १४ दिवसांचा असतो. त्यात भात, पोळी, भाकरी, पाव, पोहे, रवा, बटाटा, रताळे, मका, बीट, गाजर, साखर, मद्य आणि सर्व फळे वर्ज्य असतात. कडधान्ये आणि डाळी मात्र चालतात, आणि मराठी घराला सर्वांत मोठा दिलासा आहे तो येथेच. उसळ, आमटी, पिठले, मूग डाळीचे धिरडे, बेसनाचा पोळा हे सगळे या टप्प्यात बसते. फक्त त्यांच्या जोडीला भात-भाकरी नसते आणि आमटीत गुळाचा खडा पडत नाही. गूळ 'नैसर्गिक' म्हणून बहुतेक जण सोडून देतात, परंतु १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० आणि तेवढ्याच गुळात सुमारे ३८० किलोकॅलरी असतात. वजनाच्या हिशेबात हा फरक नगण्य आहे.

एका व्यक्तीच्या १४ दिवसांचा अंदाज द्यायचा तर मूग, मटकी, चवळी, मसूर, हरभरा डाळ आणि बेसन मिळून सुमारे सव्वा किलो पुरते. कोरडे ३० ग्रॅम मूग भिजवून, मोड आणून शिजवले की मध्यम वाटीभर उसळ होते आणि तीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन अंड्यांतून १२ ते १३ ग्रॅम, तर ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. रिकोटाच्या जागी पनीर अवश्य घ्यावे, मात्र नेहमीच्या पनीरमध्ये पाण्याचा अंश वगळता उरणाऱ्या भागात किमान निम्मा स्निग्धांश असावा लागतो, असा नियमच आहे. त्यामुळे पाकिटावर 'लो फॅट पनीर' लिहिले आहे का ते पाहावे. किंवा त्याहून सोपे म्हणजे डबल टोन्ड दूध लिंबू पिळून घरीच फाडावे. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश १.५ टक्के असतो, टोन्ड दुधात ३ टक्के आणि फुल क्रीम दुधात ६ टक्के. दूध आणि दही या टप्प्यात बेताने घ्यावे.

शेंगदाण्यांच्या बाबतीत थोडे थांबून लिहिते, कारण हा टप्पा बहुतेक घरांत कुटामुळे फसतो. दाणे यादीत चालतात हे खरे, पण १०० ग्रॅम दाण्यांत जवळपास निम्मी चरबी आणि सुमारे ५६० किलोकॅलरी असतात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम दाणे मोजून खाल्ले, तर काही बिघडत नाही. परंतु काकडीच्या कोशिंबिरीत, वांग्याच्या भाजीत आणि चटणीत डब्यातून अंदाजाने पडणारे कूट कोणीच मोजत नाही. तेलाचेही तसेच. एका लहान चमच्यात ५ मिलिलिटर तेल बसते आणि त्याच्या सुमारे ४० किलोकॅलरी होतात. दिवसाला तीन चमचे धरले, तर १४ दिवसांना २१० मिलिलिटर तेल लागते. तेवढे तेल पहिल्याच दिवशी वेगळ्या बाटलीत काढून ठेवावे आणि आपल्या वाट्याच्या फोडण्या त्यातूनच द्याव्यात. आठव्या दिवशी बाटली रिकामी झाली, तर कोठे चुकते ते वेगळे विचारावे लागत नाही.

रविवारी बांगडा, सुरमई किंवा कोंबडीचे मांस घेण्यास हरकत नाही. तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तळलेला तुकडा मात्र या १४ दिवसांत नको.

पहिल्या आठवड्यात वजनकाटा दीड-दोन किलोंनी खाली येऊ शकतो. त्यातील बराच भाग पाण्याचा असतो. यकृत आणि स्नायू यांत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि पिष्टमय पदार्थ थांबले की तो साठा उतरतो. पुढे आठवड्याला अर्धा किलो हा उतार सुरक्षित मानला जातो. तिसऱ्या आठवड्यात काटा हळू चालू लागला, म्हणून पहिला टप्पा लांबवू नये.

दुसऱ्या टप्प्यात धान्य आणि फळे एकेक करून परत आणायची असतात, आणि माझ्या मते खरेदीची कसोटी येथेच लागते. पहिल्या टप्प्यात 'नको' म्हणणे सोपे असते. दुसऱ्यात 'कोणते आणि किती' हे ठरवावे लागते. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक भाकरी आणि एक फळ एवढेच वाढवावे. भाकरी ज्वारीची, बाजरीची किंवा नाचणीची असावी. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ही तिची जमेची बाजू. पण नाचणीचे गाळलेले सत्त्व किंवा त्याची पातळ लापशी भाकरीपेक्षा फार लवकर पचते आणि तितकीच लवकर भूक लागते. बाळाच्या आहारातील तो पदार्थ वजन कमी करणाऱ्या व्यक्तीने 'पौष्टिक' म्हणून रोज पिण्याचे कारण नाही. गहू दळून आणत असाल, तर पीठ चाळून कोंडा टाकून देऊ नये. भात आणायचा झाल्यास इंद्रायणीसारख्या चिकट, मऊ शिजणाऱ्या तांदळापेक्षा हातसडीचा किंवा कोकणात मिळणारा उकडा तांदूळ निवडावा आणि तो उसळीबरोबर अर्धी वाटीच वाढून घ्यावा. रव्याच्या जागी दलिया आणावा. फळांत पेरू, पपई, सफरचंद, संत्रे आणि मोसमात जांभळे घ्यावीत. आंबा, चिकू आणि केळी तिसऱ्या टप्प्यापर्यंत थांबू शकतात. फळांचा रस शक्यतो कोणत्याच टप्प्यात नको.

तिसरा टप्पा हवे तेवढे वजन उतरल्यानंतरचा आणि कायमचा असतो. त्यात वर्ज्य असे काही नसते, त्यामुळे त्याची वेगळी यादी लागत नाही. केवळ तीन-चार किलो कमी करायचे असतील, तर थेट दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करता येते. तुमच्या बाबतीतही दुसऱ्यापासून आरंभ केल्यास काही बिघडणार नाही. उतार थोडा सावकाश होईल इतकेच.

प्रश्न : मॉलमध्ये 'मल्टीग्रेन', 'डायजेस्टिव्ह', 'शुगर फ्री', 'बेक्ड' असे लिहिलेले बरेच पदार्थ दिसतात. दुसऱ्या टप्प्यासाठी यांपैकी कोणते घ्यावेत? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक कोणतेच नाहीत, असे उत्तर देऊन थांबता आले असते, पण पाकीट वाचण्याची रीत एकदा कळली की हा निर्णय तुम्हीच घेऊ शकाल.

पाकिटाची पुढची बाजू विक्रीसाठी असते. मागे घटकांची यादी असते आणि नियमानुसार ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. म्हणजे जो घटक सर्वांत जास्त, तो पहिला. तपकिरी पावाचे पाकीट उलटून पाहावे. पहिलाच शब्द 'रिफाइन्ड व्हीट फ्लोर' असेल, तर तो मैदा आहे. पुढे 'कॅरमेल' हा रंग किंवा आयएनएस (खाद्यरंगांसारख्या मिश्रकांना दिलेला क्रमांक) १५० ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तपकिरी रंग कोठून आला तेही कळते. ज्या घटकाचा पुढे मोठ्या अक्षरांत उल्लेख केला आहे, त्याचे प्रमाण कंसात टक्क्यांत द्यावे लागते. 'मल्टीग्रेन' पिठाच्या पाकिटावर गव्हापुढचा आकडा पाहिला की बाकीची पाच-सहा धान्ये मिळून किती उरतात, याची वजाबाकी उभ्याउभ्या करता येते. त्यापेक्षा पाच किलो गव्हात एक किलो ज्वारी आणि अर्धा किलो हरभरे घालून गिरणीत दळून आणणे स्वस्त पडते आणि आत काय आहे हेही माहीत असते.

साखर नेहमी 'शुगर' याच नावाने येते असे नाही. 'लिक्विड ग्लुकोज', 'इन्व्हर्ट सिरप' आणि 'माल्टोडेक्स्ट्रिन' हेही रक्तातील साखर वाढवणारेच घटक आहेत. पोषणतक्त्यात 'ॲडेड शुगर' अशी स्वतंत्र ओळ असते, ती पाहावी आणि '१०० ग्रॅममागे' हाच रकाना वाचावा. 'प्रति सर्व्हिंग'च्या रकान्यात एक-दोन बिस्किटांचाच हिशेब असू शकतो, आणि चहाबरोबर तेवढ्यावर थांबणारी माणसे विरळा. भारतीय आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरातील साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत असावी. दोन चमचे साखरेचा चहा तीनदा घेतला, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे बिस्किटांचा विचार त्याच्याही नंतर येतो.

'शुगर फ्री' लिहिण्यासाठी १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. मात्र मैदा आणि तेल यांवर या शब्दांचे काहीच बंधन नाही. शिवाय अशा मिठाईत माल्टिटोल हा साखरेऐवजीचा गोड घटक असेल, तर जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. 'लो फॅट' हा दावा १०० ग्रॅम घन पदार्थात ३ ग्रॅमपर्यंत स्निग्धांश असेल तर करता येतो, पण फळांच्या स्वादाच्या दह्यात कमी झालेल्या स्निग्धांशाची भरपाई साखरेने केलेली असू शकते. साधे दही आणून त्यात पेरूच्या फोडी घालाव्यात. ओट्स घ्यायचे तर साधे, जाड घ्यावेत. मसाला ओट्सच्या पाकिटावर सोडियमचा आकडा पाहूनच काय ते ठरवावे.

प्रश्न : पहिल्या टप्प्यात एकादशी आली तर काय खावे? साबुदाणा हलका असतो, तो चालेल का? – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : चालणार नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि त्यात प्रथिने नाममात्र असतात. वऱ्याचे तांदूळ, शिंगाड्याचे पीठ, रताळे आणि राजगिरा हेही पिष्टमयच आहेत, यांतल्या त्यात राजगिरा प्रथिनांमुळे उजवा आणि म्हणून दुसऱ्या टप्प्यात उपयोगाचा. सलग १४ दिवसांत एक एकादशी बहुधा येतेच, तेव्हा त्या दिवसासाठी ताक, घरचे पनीर, मोजून मूठभर दाणे आणि काकडीची कोशिंबीर एवढे योजून ठेवावे. श्रावण आणि नवरात्र या काळात पहिला टप्पा सुरूच करू नये.

प्रश्न : माझ्या पतींचे वय ५८ असून त्यांना मधुमेह आहे. ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. माझ्याबरोबर त्यांनीही हा आहार सुरू केला तर चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडते, मग ताटात भाकरी असो वा नसो. एकाएकी धान्य बंद झाले आणि गोळीची मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे आणि बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे आहेत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या चालू असतील, तर धोका वेगळा असतो: पिष्टमय पदार्थ फार कमी केल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ले साठून होणारा गंभीर विकार) होऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाणही तज्ज्ञांनीच ठरवावे लागते.

तोपर्यंत स्वयंपाक वेगळा करण्याची गरज नाही. भाजी, उसळ आणि कोशिंबीर दोघांची एकच असावी आणि त्यांच्या ताटात दोन्ही वेळा एकेक ज्वारीची भाकरी नेहमीच्या वेळेला वाढावी. डॉक्टरांकडे जाताना सात दिवसांच्या जेवणाची आणि ग्लुकोमीटरवरील आकड्यांची नोंद न्यावी. गोळीची मात्रा कमी करायची का, हे ते त्यावरून ठरवू शकतील. घरात ग्लुकोज पावडरचा डबा हाताशी ठेवावा. वरील लक्षणे दिसल्यास शुद्धीवर असताना तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि ती तरीही ७० च्या खालीच असेल, तर तेवढेच ग्लुकोज पुन्हा द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.