न विचारता मोटर बदलली, आता मशीन अडवून ठेवले आहे

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहते. व्हॅक्यूम क्लीनरमधून ठिणग्या येत होत्या म्हणून तो कोल्हापूरच्या एका दुकानात दुरुस्तीला टाकला. 'कार्बन ब्रश बदलावे लागतील, ४५० रुपये होतील,' असा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, मी 'करा' म्हटले. न्यायला गेले तर मोटरच बदलल्याचे सांगून २,९०० रुपये मागितले. बिल देत नाहीत, जुनी मोटर दाखवत नाहीत, पैसे दिल्याशिवाय मशीनही सोडत नाहीत. त्यांना तसा हक्क आहे का?

उत्तर : ताई, हक्क आहे, पण तुम्ही होकार दिलेल्या कामापुरता. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार कारागीर रास्त मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेऊ शकतो. म्हणून मशीन ओढून आणू नका आणि चोरीची फिर्यादही देऊ नका. हा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे. मात्र मोटरला तुमची संमतीच नव्हती, तेव्हा त्या रकमेसाठी मशीन अडवणे मला मान्य नाही.

मेकॅनिक खोटेच बोलतो आहे असे मात्र धरून चालू नका. ब्रश झिजले की ठिणग्या उडतात, तशा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा फिरता भाग) खराब झाला तरी उडतात, आणि मग नुसते ब्रश घालून भागत नाही. पण उघडल्यावर हे दिसले तर एक फोन करून विचारणे त्याचे काम होते.

आता तुमची बाजू जिथे लंगडी पडू शकते ते सांगतो. नवी मोटर बसलेले मशीन काही न बोलता घरी आणून वापरलेत, तर कलम ७० खाली तो म्हणू शकतो की फायदा घेतला, मोबदला द्या. म्हणून आधी लेखी कळवा : 'मोटर बदलायला मी सांगितले नव्हते. जुनी मोटर परत बसवून मशीन द्या.' ती त्याने टाकून दिली असेल, तर मशीन पूर्ववत करता न येण्याचा दोष त्याच्याकडे जातो. मशीन तातडीने हवेच असेल, तर 'हरकत राखून पैसे देत आहे' असा मेसेज आधी पाठवा, रक्कम यूपीआयने द्या आणि बिल मागा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो व्हॉट्सअ‍ॅप संवाद जिवापाड जपा, सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, पुष्कळदा तेवढ्यावर मिटते. न मिटल्यास दुकान कोल्हापुरात असले तरी तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कारण कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथला आयोग चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे.