मित्राच्या गाडीत अमली पदार्थ सापडले तर शेजारी बसलेल्यावरही गुन्हा लागतो का?

लागू शकतो, पण नुसतं शेजारी बसणं सहसा पुरेसं नसतं. बहुतेक ठिकाणी 'ताबा' म्हणजे माल खिशातच असावा असं नाही. तो तिथे आहे हे माहीत असणं आणि त्यावर नियंत्रण असणं महत्त्वाचं. बॅग कुणाची, माल कुणाच्या हाताशी होता, हे म्हणूनच बारकाईने पाहतात. काही देशांत मात्र 'मला माहीत नव्हतं' हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं, आणि ते फार कठीण जातं. सोबत वजनकाटा किंवा भरलेल्या पुड्या मिळाल्या तर विक्रीचा आरोप येऊ शकतो. शिक्षा कितीतरी वाढते. मॉर्फिनसारखी औषधंही १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित आहेत, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. आणि कृपा करून घाबरून जागेवरच खुलासे देत बसू नका, आधी वकील मागा.