बाजार मंदा असताना जुनी नाणी: वाचकांचे प्रश्न

गेले काही महिने बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. धंदा बसला आहे, हातात पैसा नाही, मग घरातली जुनी नाणी नाण्यांच्या प्रदर्शनात विकायला न्यावीत का? निवडक प्रश्न घेतो.

प्रदर्शनात माझ्या १९०१ च्या राणीछाप रुपयांना व्यापाऱ्याने फारच कमी भाव सांगितला. म्हणाला, "बाजार मंदा आहे." हा बहाणा आहे का? (सांगली)

बहुधा नाही. त्याचे भांडवल आधीच टेबलावर मांडलेल्या मालात अडकले आहे आणि गिऱ्हाईक नुसते बघून पुढे जाते आहे. १९०१ चा रुपया भरमसाट पाडला गेला. ओढगस्तीच्या दिवसांत घरोघरचे तेच रुपये एकदम बाहेर येतात. दुर्मीळ नाण्यांचे उलट होते. त्यांच्या मालकांना विकायची घाई नसते, म्हणून अशी नाणी मंदीत प्रदर्शनाला येतच नाहीत. तुम्ही कॅटलॉगातला भाव डोक्यात ठेवून गेला असाल, तर तो व्यापाऱ्याच्या विक्रीचा भाव असतो, खरेदीचा नव्हे. निदान तीन टेबलांवर विचारा.

प्रदर्शनापेक्षा सोनार जास्त देतो. सगळे चांदीचे रुपये त्यालाच देऊन टाकू का? (बारामती)

थांबा. या एका प्रश्नासाठी मी हे सदर चालवतो म्हटले तरी चालेल.

आधी हिशेब. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. चांदी किलोला दीड लाख धरली तर नुसत्या धातूचेच सुमारे १,६०० रुपये होतात. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच. सोनार सगळे एकाच तागडीत टाकत असेल, तर कोणाचे तरी नुकसान होते आहे.

दिवस वाईट आले की लोक सोन्याचांदीकडे धावतात, धातू चढतो. त्याच वेळी छंदावर खर्च करणाऱ्यांचे हात आखडतात. मग साध्या रुपयाचा नाणे म्हणून येणारा भाव आणि मोडीचा भाव जवळजवळ एक होतात, आणि सगळा बटवा मुशीत जातो. झिजलेला १९०१ चा रुपया दवाखान्याच्या बिलासाठी मोडला, तर मी कोणाला बोल लावणार नाही. पण त्याच बटव्यात १९३९ चा दुर्मीळ रुपया असू शकतो. १९११ चा असू शकतो, ज्यावर राजाच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि पुढच्या वर्षी तो बदलावा लागला.

त्याहून मोठी भीती मराठ्यांच्या रुपयांची. पेशवाईतल्या टांकसाळींतले रुपये मोगल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडलेले आहेत. घरचे लोक ते पाहून "हे आपले नव्हे" म्हणतात आणि पहिल्यांदा तेच मोडीत काढतात. मराठ्यांची खूण असते ती एखाद्या अंकुशाची. दोन वर्षांपूर्वी एक बाई सोळा रुपये मोडल्याची पावती घेऊन माझ्याकडे आल्या, सोनाराने वजनात फसवले का हे विचारायला. वजन चोख होते. मोबाइलमधल्या फोटोत मात्र पुण्याचा अंकुशी रुपया स्पष्ट दिसत होता. तो आटवून चार दिवस झाले होते.

म्हणून प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन लिहा आणि जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तुमच्या शहरातल्या नाणेसंग्राहक मंडळातही दाखवता येईल. आठवड्याभराने चांदी पाचपन्नास रुपयांनी उतरली तर उतरू दे.

नाणी चिंचेने घासून नेली तर भाव वाढेल? (कराड)

पडेल. हातही लावू नका.

"वैष्णोदेवीचे नाणे लाखांना घेतो, आधी रिझर्व्ह बँकेची फी भरा," असा फोन आला. घरात अडचण आहे, भरू का? (जालना)

एक रुपयाही भरू नका. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कमिशन मागत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. पैसे गेले असतील तर आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. "बघू उद्या" म्हणणाऱ्यांचे पैसे परत येताना मी पाहिलेले नाहीत.

प्रदर्शनाबाहेर एकाने शिवकालीन सोन्याचा होन दाखवला. "गडावर सापडला, नड आहे म्हणून स्वस्तात देतो," म्हणाला. (पुणे)

मंदीत ही कहाणी हमखास ऐकू येते. होन खरोखर जमिनीत सापडला असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवा. सापडलेला नसेल तर तो माणूस खोटे बोलतो आहे, आणि होनही बहुधा खोटाच आहे. महाराजांच्या नावावर आपले मन लगेच विरघळते, हे या लोकांना पक्के ठाऊक असते. पक्की पावती आणि तज्ज्ञांची तपासणी, दोन्ही नसेल तर होन हातात घेऊ नका.

आता स्वस्त आहेत तर कर्ज काढून नाणी घेऊन ठेवू का? (ठाणे)

कर्ज काढून नको. व्याज दर महिन्याला भरावे लागते, नाण्याला गिऱ्हाईक कधी मिळेल ते सांगता येत नाही. शिल्लक पैसा असेल तर दहा सामान्य नाण्यांऐवजी एक चांगले घ्या, बिल घ्या. मोठा व्यवहार असेल तर आधी सीएला विचारा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे.

मुलगा अमेरिकेत आहे. तिथल्या प्रदर्शनात भाव चांगला मिळतो म्हणतात. पेशवाईतले रुपये त्याच्याबरोबर पाठवू का? (नागपूर)

नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. शंका असेल तर मुलाच्या बॅगेत काही ठेवण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.