तिला तिच्या घराबद्दल विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. हॉस्पिटलच्या केमो देणाऱ्या डे-केअर विभागात नर्स म्हणून रुजू झालीस आणि लगेच तुला तो प्रश्न भेटला, जो त्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकीला भेटतो. स्तनाच्या कॅन्सरची बाई, केमोची तिसरी सायकल, म्हणजे तिसरी फेरी, घरी दोन मुलं. सलाईन लावताना हात धरून म्हणते, "सिस्टर, पुढची केमो दहा दिवस ढकला ना, मोठ्याची दहावी आहे." तू तिला शब्द दिला नाहीस हे योग्यच झालं. तारखेचा निर्णय डॉक्टरांचा. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडले तर डॉक्टर स्वतः सायकल पुढे नेतात, एखाद्या दिवसाची सोयही कधी कधी करतात. पण बाई बरी व्हावी म्हणून दिलेली केमो वेळच्या वेळी जायला हवी, आणि घरच्या कारणासाठी दहा दिवस हा फार मोठा खंड आहे.

पण "डॉक्टरांना विचारा" एवढं सांगून तिथून उठू नकोस. तिला तारखेची भीती नाही. पेपरच्या दिवशी सकाळी आपण अंथरुणात असलो तर पोराला गरम काही कोण करून देणार, ही भीती आहे. त्यावर इलाज निघू शकतो. बहीण आठवडाभर येऊन राहते, शेजारीण डबा देते, नवरा कुकर लावायला शिकतो. मात्र आधी कुणीतरी तिला विचारायला हवं, की ताई, सकाळी घरात कोण काय करतं?

इतकी वर्षं या खुर्च्यांमधून फिरल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आईला तिच्या शरीराबद्दल विचारलं, की ती "बरी आहे" म्हणते. घराबद्दल विचारलं, की खरं सांगते. तपासणीचे तुझे सगळे प्रश्न घरातून घालून विचार.

उदाहरण देते. केमोच्या लाल औषधाच्या (डॉक्सोरुबिसिनच्या) चार सायकली संपल्या, की बहुतेकींना पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध सुरू होतं, बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याला, असे बारा आठवडे. त्यानं बोटांच्या टोकांना बधिरपणा येतो. "हातापायाला मुंग्या येतात का?" या प्रश्नावर मान नकारार्थी हलते, कारण तिला वाटतं, एवढ्यातेवढ्याचं काय सांगायचं. तेच "मुलाच्या शाळेच्या शर्टाची बटणं लावता येतात का? मुलीची वेणी घालताना केस हातातून सुटतात का?" असं विचार. ती एकदम तुझ्याकडे बघेल. "हो हो सिस्टर, परवापासून बटण सापडतच नाही बोटांना." हे वेळीच कळलं तर डॉक्टरांना डोस कमी करता येतो, औषध थोडं थांबवता येतं. उशिरा कळलं तर तो बधिरपणा महिनोन् महिने राहतो, काहींचा पुरता जातही नाही. आणि तव्यावरची भाकरी हातानं उलटणाऱ्या बाईला चटका बसलेला कळला नाही, तर काउंट पडलेल्या दिवसांत ती जखम साधी नसते. चिमटा, उलथनं वापरायला सांग.

तसंच बाकीचं. दम लागतो का हे विचारू नकोस. पाण्याची कळशी उचलून किती पायऱ्या चढता, मध्ये थांबावं लागतं का, ते विचार. लाल औषध हृदयावर ताण आणू शकतं, रक्तही कमी झालेलं असू शकतं, म्हणून हे उत्तर डॉक्टरांपर्यंत गेलंच पाहिजे. तोंड आलंय का, यापेक्षा आमटी झोंबते का. झोप लागते का, यापेक्षा रात्री दोन वाजता काय करत होता. हसू नकोस. उलटी होऊ नये म्हणून आपण जे स्टेरॉइड देतो, त्यानं पहिले एक-दोन दिवस अंगात उसनं बळ येतं. बाई मध्यरात्री उठून डबे पुसते, फडताळ लावते, घरच्यांना वाटतं, हिला तर काहीच झालं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कोसळते आणि स्वतःलाच दोष देते. हे असं होणार आहे, हे तिला आणि नवऱ्याला आधीच सांगून ठेव.

त्यासाठी कालनिर्णयचं पान समोर घे. एकवीस दिवसांच्या सायकलीत पहिले चार-पाच दिवस मळमळीचे आणि, ते उसनं बळ ओसरलं की, गळून जाण्याचे. फोडणीचा वाससुद्धा नको होतो, तेव्हा त्या दिवसांत स्वयंपाकघरात दुसरं कुणी उभं राहील का, एवढं ठरवून टाकायचं. साधारण सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी कमी असतात. त्या आठवड्यात लग्न, बारसं, गर्दीची बस, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं नकोत. तिसरा आठवडा त्यातल्या त्यात बरा. पालकसभा, वाढदिवस, माहेरी जाऊन येणं त्यात बसवायचं. दर आठवड्याच्या औषधात हा आराखडा चालत नाही, तिथे थकवा हळूहळू साठत जातो. त्याच पानावर उपवासही बघ. हरतालिका आणि नवरात्र केमोच्या मध्ये आलं, की पुष्कळ बायका डॉक्टरांना न सांगता निर्जळी करतात. "देव रागावणार नाही" असं तू सांगू नकोस, ते तुझं काम नाही. या वर्षीचा उपवास सासूबाईंनी किंवा नवऱ्यानं तिच्या वतीनं धरला तर चालेल का, असं घरच्यांना विचार. बहुतेक घरांत कुणीतरी पुढे येतंच. गुळवेलीचा काढा, गव्हांकुरांचा रस, कुणी आणून दिलेलं चूर्ण, हेही न रागावता विचार. रागावलीस तर पुढच्या वेळी ते पर्समध्ये लपून येईल.

आता तापाचं. इथे मात्र अजिबात मवाळ होऊ नकोस. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, थर्मामीटरनं मोजलेला ताप केमोच्या काळात आला, तर त्याच क्षणी दवाखाना, रात्रीचे तीन वाजले असले तरी. पांढऱ्या पेशी नसल्या की जंतूसंसर्गाची नेहमीची लक्षणंही दिसत नाहीत. पू नाही, सूज नाही, कधी कधी नुसता ताप. काही तासांत रक्तदाब खाली जाऊ शकतो. आणि आई काय करते? क्रोसिन घेते, ताप उतरवते, पोळ्या लाटते, सकाळी मुलं शाळेत गेल्यावर बघू म्हणते. म्हणून ही सूचना एकट्या तिला देऊन भागत नाही. नवऱ्याला सांग, घरातल्या मोठ्या मुलाला सांग. कपाळाला हात लावून ठरवायचं नाही, थर्मामीटर घरात हवा. फाईल दाराजवळच्या पिशवीत. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "हिची केमो चालू आहे", बाकी सगळं नंतर. त्या बाईकडून हे तुला परत म्हणून दाखवायला लाव. घरात पोराला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी फोन करायचा, आणि धाकट्याच्या लशीची तारीख आली तर आधी विचारून घ्यायचं, हेही त्यातच जोड.

मुलांना जवळ घेऊ का, असं दर दुसरी आई विचारते, आणि विचारताना आवाज लहान होतो. उत्तर स्पष्ट दे: घ्या. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. केमोचं औषध साधारण दोन दिवस लघवी आणि उलटीतून बाहेर पडतं, म्हणून तेवढे दिवस संडासात दोनदा पाणी टाकायचं, खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे. एवढंच. पण हे एवढंसं पथ्य घरी पोहोचेपर्यंत त्याचं वेगळं ताट, वेगळी वाटी, वेगळी सतरंजी होते. मी अशा बायका बघितल्या आहेत, ज्यांनी तीन महिने स्वतःच्या बाळाचा मुका घेतला नव्हता, आणि तसं सांगणारं कुणी डॉक्टर नव्हतं, घरातलंच माणूस होतं. ते माणूस सोबत आलं असेल तर त्याला आत बोलव आणि त्याच्यासमोर सांग. (अंगावर पाजणारी असेल तर केमोत ते बंद करावं लागतं, तिथे मात्र तिला रडायला वेळ दे.)

मुलांपासून लपवायला मदत करू नकोस. "आई मामाकडे गेली" असं सांगितलेल्या मुलाला टक्कल पडलेली आई दिसते, तेव्हा ते मनात काय रचतं ते आपल्याला कळत नाही. आजाराचं नाव, तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तो तुला लागणार नाही, इतकं पाच वर्षांच्या पोरालाही पुरतं. आईची लाल लघवी बघून एक मुलगी रक्त समजून घाबरली होती. तिला आईनं सांगितलं, की तो औषधाचा रंग आहे, आणि ते औषध इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून निघालं. किल्ला म्हटल्यावर तिची भीती गेली. पुढच्या खेपेला तिनं किल्ल्याचं चित्र काढून पाठवलं, ते आम्ही सलाईनच्या स्टँडला लावलं होतं.

केस पहिल्या सायकलीनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. आपल्याकडे बाईचं उघडं डोकं म्हटलं, की जुन्या माणसांच्या मनात काय येतं ते तू जाणतेस. तिच्या नवऱ्यानं तिच्या कपाळाला टिकली लावून तिला शेजारी बसवलं, तर घरातली कुजबुज थांबते. हे मी नवऱ्यांना सरळ सांगायचे. तूही सांग, वयानं लहान आहेस म्हणून संकोचू नकोस.

रत्नागिरी, सोलापूर, गडचिरोलीकडून उपचारासाठी मुंबईत परळला येणाऱ्या बायकांचं दुखणं वेगळं. मुलं गावाकडे आजीपाशी, आणि त्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत. तिथे राहण्याची, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांची, रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला मिळणाऱ्या सवलतीची माहिती समाजसेविकेकडून पहिल्याच भेटीत मिळाली पाहिजे, तिसऱ्या सायकलीला नाही. मुलांशी रोज एका ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करायला सांग. गृहपाठ त्या कॉलवर घेणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्या वेळेसाठी त्या दिवसभर ताकद राखून ठेवत.

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर बीपी नाही, सुई नाही, हे तुला माहीत आहेच. तिला मात्र त्या हातानं उचलावी लागणारी धुण्याची बादली आणि कडेवरचं पोर यांबद्दल विचार, कारण त्या हाताला सूज येऊ शकते.

आणखी एक. तिला "वाघीण आहात" म्हणू नकोस. सगळेच म्हणतात. एकदा वाघीण झाली, की दमले असं म्हणायची सोय उरत नाही, आणि मग ताप, चटका, बधिर बोटं सगळं गिळून टाकते. "काही होणार नाही तुम्हाला" असंही म्हणू नकोस, ते आपल्याला ठाऊक नसतं. "आज काय जड गेलं?" एवढं विचार आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांब.

शेवटच्या सायकलीला नवऱ्याला मुद्दाम आत घे. घरी पेढे येतात, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा, पाणी, अभ्यास सगळं पुन्हा तिच्या अंगावर पडतं. थकवा कित्येक महिने राहतो, विसरायला होतं, पाळी थांबली असेल तर अंगातून वाफा निघतात, पुढे रेडिएशन असू शकतं, गोळ्या पाच वर्षंही चालू शकतात. केमोत कुणी काय काय काम उचललं होतं ते त्याच कालनिर्णयच्या पानांवरून वाचून दाखव, आणि निदान सहा महिने ती वाटणी तशीच ठेवायला सांग.

तुमच्याकडे बायकांना जे सूचनापत्रक देतात, त्याची एक प्रत मला पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी असते. फोन कर, त्यातली वाक्यं आपण दोघी मिळून पुन्हा लिहू. बटणांचा प्रश्न त्यात सगळ्यात वर घालू या.

तुझी,
सिस्टर