रशियन आणि युक्रेनियनमध्ये 'सोबाका' (कुत्रा) हा शब्द एकच आहे का? त्याचा उगम काय, आणि लिंगही एकच आहे का?

शब्द एकच. स्लाव्हिक भाषांचा (रशियन, युक्रेनियन वगैरेंच्या कुळाचा) कुत्र्यासाठी मूळचा सामाईक शब्द 'प्योस' किंवा 'पेस'. 'सोबाका' बहुधा प्राचीन इराणी बोलीतून आला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नोंदवलंय की मीड (एक प्राचीन इराणी जमात) लोक कुत्रीला 'स्पाका' म्हणत. संस्कृत 'श्व'च्या जागी अवेस्तात (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात) 'स्प' येतो : अश्व–अस्प. म्हणजे आपला 'श्वान' याच कुळातला! काही अभ्यासक मात्र उगम तुर्किक भाषाकुळात मानतात.

खरी गंमत व्याकरणात आहे. रशियनमध्ये शब्द स्त्रीलिंगी : 'माया सबाका'. प्रमाण युक्रेनियनमध्ये पुल्लिंगी : 'मीय सोबाका'. त्यामुळे भूतकाळी क्रियापदही पुल्लिंगी लागतं. पण शब्द आकारान्त असल्याने तो चालतो स्त्रीलिंगी नामांसारखा, आणि शिकणारे नेमके द्वितीयेत अडकतात. 'माझ्या कुत्र्याला पाहतो' म्हणताना विशेषण पुल्लिंगी, नामाचा प्रत्यय मात्र 'उ' : 'मोहो सोबाकु'. रशियनच्या सवयीने 'मोयु सोबाकु' म्हटलं की चुकलं.

चतुर्थीत रशियन 'सबाक्ये', युक्रेनियन 'सोबात्सी'. इथे क चा त्स होतो. युक्रेनियनमध्ये संबोधनही जिवंत आहे : 'सोबाको!'

उच्चारही जपा. आघात दोन्हीकडे 'बा'वर, पण रशियनमध्ये आघाताविना 'ओ'चा 'अ' होतो. युक्रेनियनमध्ये 'ओ' स्वच्छ उच्चारायचा. बेलारूसीत तर लिहितातच 'सबाका', आणि तोही पुल्लिंगी.