मित्रासाठी बाण करताय? आधी त्याची ओढ मोजा

मित्र दोरी किती लांब ओढतो ते आधी मोजा. काडी त्याहून २-३ सेंटिमीटर जास्त ठेवा. ८-९ मिलिमीटर जाडीचा जून बांबू सावलीत पूर्ण वाळवा. ओला आज सरळ केला तर उद्या पुन्हा वाकतो. निखाऱ्यावर सतत फिरवत गरम करून वाक काढा. काळा पडला की तिथेच मोडणार.

मागे दोरी अडकवायच्या खाचेचा तळ बांबूच्या गाठीच्या जरा वर यावा, म्हणजे चीर खाली उतरत नाही. तरीही खाचेखाली दोरा गुंडाळाच.

पिसं तीन, टर्कीची, सगळी एकाच बाजूच्या पंखातली. डावी-उजवी मिसळली तर बाण डगमगतो. गिधाडाचं पीस देखणं असलं तरी नको, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. बाणाच्या टोकाची शेपटी, म्हणजे काडीत जाणारा भाग, राळेत बसवून वर घट्ट दोरा. शिकार आपल्याकडे बंदच, त्यामुळे बोथट टोकच बरं.